आयर्लंडचे हार्प: सूर वाचले, हात हरवला

युनेस्कोने २०१९ मध्ये आयरिश हार्पवादनाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आयर्लंडच्या युरो नाण्यांवर हार्प आहे, पासपोर्टवर आहे, राष्ट्राध्यक्षांच्या निळ्या ध्वजावरही आहे. इतका मान क्वचितच एखाद्या वाद्याच्या वाट्याला आला असेल. तरीही या कलेची आजची अवस्था पाहायची तर एक गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी. नाण्यावर कोरलेले हार्प आणि आज बहुतेक आयरिश वादकांच्या हातात दिसणारे हार्प ही दोन वेगळी वाद्ये आहेत. त्यांची बांधणी, तारा, नाद आणि वाजवण्याची रीत सारेच वेगळे आहे. पहिल्याची परंपरा खंडित झाली आणि तिच्या जागी दुसरे आले. हा खंड इंग्रजी राजवटीच्या काळात पडला, आणि तो कसा पडला हे समजल्याशिवाय आजच्या पुनरुज्जीवनाचे मोल ठरवता येत नाही.

नाण्यावरचे हार्प डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेल्या जुन्या वाद्यावरून घेतले आहे. लोक त्याला ब्रायन बोरूचे हार्प म्हणतात. ब्रायन बोरू १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला आणि हे वाद्य चौदाव्या-पंधराव्या शतकातले आहे, तेव्हा त्याचा त्या राजाशी संबंध नाही. पण वाद्य अस्सल आहे. विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली नादपेटी, बाहेर कमानीसारखा वळलेला खांब आणि मुळात २९ तारा. या तारा धातूच्या असत, मुख्यतः पितळेच्या. वादक हार्प डाव्या खांद्याला टेकवी, डाव्या हाताने वरचे सूर छेडी आणि उजव्याने खर्ज. छेडायचे ते वाढवलेल्या नखांनी. पितळेच्या तारेची आस लांबते. स्वरमंडळावरून हात फिरवल्यावर सारे सूर एकमेकांत मिसळून घुमत राहतात, तसेच इथेही होते. म्हणून कोणता सूर घुमू द्यायचा आणि कोणता बोटाने दाबून थांबवायचा, यातच वादकाची खरी कसोटी असे. छेडणे अर्धी कला, थांबवणे उरलेली अर्धी.

ही कला ज्या समाजात वाढली तिथे हार्पवादकाला मोठा मान होता. जुन्या आयरिश कायद्याने वादकांपैकी एकट्या हार्पवादकाला स्वतःची स्वतंत्र प्रतिष्ठा दिली होती. बाकीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची पत त्यांच्या धन्यावर ठरे. सरदाराच्या घरी कवीची रचना सादर व्हायची तेव्हा तिघे लागत. रचना कवीची, म्हणणारा वेगळा आणि साथ हार्पवादकाची. कवी वर्षानुवर्षे गुरुकुलात छंदशास्त्र शिके, वादकही तसाच गुरूकडून हातोहात विद्या घेई. सारे मौखिक होते. स्वरलेखन नव्हते, आणि त्याची गरजही कुणाला वाटली नव्हती.

११६९ मध्ये नॉर्मन आयर्लंडात उतरले. त्यांच्याबरोबर संबंध असलेला जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू ११८८ च्या सुमारास आयर्लंडवर ग्रंथ लिहितो. त्यात तो आयरिश माणसाला रानटी, आळशी ठरवतो. पण त्यांच्या तंतुवादनापुढे मात्र मान झुकवतो. त्याची चपळाई आणि गुंतागुंतीतही न सुटणारा मेळ त्याला थक्क करतो. पुढच्या पाच शतकांत इंग्रजांची वृत्ती अशीच राहिली, माणसाचा तिरस्कार आणि संगीताची ओढ. १३६६ च्या किलकेनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश कवी आणि वादक घरी ठेवायला बंदी केली. बंदी करावी लागली, याचाच अर्थ ते ठेवत होते. आठव्या हेन्रीने १५३४ पासून आयर्लंडसाठीच्या नाण्यांवर मुकुटाखाली हार्प छापले, म्हणजे हार्पला नाण्यावरचे चिन्ह बनवले ते जिंकणाऱ्याने.

१६०३ मध्ये हार्पवादक दिसेल तिथे फासावर द्या असा हुकूम निघाल्याची गोष्ट आयर्लंडात आवर्जून सांगितली जाते. मला ती पुरेशी वाटत नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये पहिल्या जेम्सच्या दरबारी कॉर्मॅक मॅकडरमट हा आयरिश हार्पवादक चाकरीला होता. कला फासाने मेली नाही, ती आश्रयावाचून वाळत गेली. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक सरदार इंग्रजांकडून हरले, १६०७ मध्ये अल्स्टरचे सरदार जहाजात बसून युरोपला निघून गेले, त्यांच्या जमिनींवर वसाहती उठल्या, मग इंग्रज सेनापती क्रॉमवेल आला. १६४१ मध्ये सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांच्या हाती होती. १७०३ पर्यंत ती १४ टक्क्यांवर आली. ज्या घरात कवी, पाठक आणि वादक एकत्र बसत ते घरच राहिले नाही. आधी कवींची गुरुकुले संपली. वादक उरला, पण आता दारोदार हिंडणारा.

टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) हा त्या काळाचा सर्वांत मोठा माणूस. मीथमध्ये जन्मलेला, अठराव्या वर्षी देवीच्या साथीत डोळे गमावलेला. मॅकडरमट रो घराण्यातल्या बाईंनी त्याच्या हार्पशिक्षणाची सोय केली आणि पुढे घोडा व वाटाड्या देऊन रस्त्याला लावले. उशिरा शिकल्यामुळे वादनात तो पहिल्या प्रतीचा झाला नाही, रचनाकार मात्र असा झाला की दोनशेहून अधिक धून त्याच्या नावावर आहेत. यजमानाच्या नावाने धून बांधायची आणि पुढच्या वाड्याकडे निघायचे, हा त्याचा जीवनक्रम. डब्लिनमध्ये तेव्हा कोरेली आणि जेमिनियानी या इटालियन संगीतकारांचे संगीत वाजत होते, कॅरोलनने ते ऐकले आणि आपल्या धुनींत आणले. कुणी याला भेसळ म्हणतात. मी म्हणणार नाही. आश्रयदात्यांची अभिरुची बदलत असताना त्याने पितळी तारांवर दोन संगीतांचा जिवंत सांधा जुळवला. हळहळ आहे ती वेगळीच. त्याच्या बहुतेक रचनांची केवळ वरची धून उरली आहे; उजवा हात खर्जात काय करत होता, ते कुणीच टिपले नाही.

मग १७९२ चा जुलै येतो. बेलफास्टमध्ये डॉ. जेम्स मॅकडोनेल आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या हार्पवादकांचा मेळावा भरवला. मॅकडोनेल लहानपणी आर्थर ओ'नील या अंध हार्पवादकाकडे शिकले होते. दहा आयरिश वादक आले आणि एक वेल्सचा. बरेचसे अंध, बरेचसे वृद्ध. बाई एकच, रोझ मूनी. सर्वांत वृद्ध डेनिस हेम्पसन, वय ९७. त्याने १७४५ मध्ये एडिनबर्गला ब्रिटिश गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टसमोर वादन केले होते. त्याचे हार्प १७०२ मध्ये कॉर्मॅक ओ'केलीने घडवलेले. जमलेल्यांपैकी जुन्या रीतीने लांब नखांनी वाजवणारा तो एकटाच होता, बाकीचे बोटांच्या अग्रांनी वाजवत. पहिले बक्षीस मात्र चार्ल्स फॅनिंगला मिळाले, कारण त्याने एका प्रसिद्ध धुनीवर नव्या धाटणीच्या आवृत्त्या वाजवल्या आणि त्या तरुणांना आवडत होत्या. युनायटेड आयरिशमन या क्रांतिकारी संघटनेचा पुढारी वुल्फ टोन तिथे हजर होता. त्याला वादनाचा कंटाळा आला, असे त्याची रोजनिशी सांगते. त्याच्या संघटनेची मुद्रा होती हार्प. आयर्लंडात चिन्हाचे प्रेम आणि कलेचे प्रेम यांतले अंतर किती जुने आहे, ते इथे उघड दिसते.

मेळाव्यात सूर टिपायला बसवला होता एकोणीस वर्षांचा चर्च-ऑर्गनवादक एडवर्ड बंटिंग. हे काम त्याने आयुष्यभर सोडले नाही. मॅगिलिगनला हेम्पसनच्या झोपडीत तो गेला, गावोगाव हिंडला, आणि १७९६, १८०९, १८४० असे तीन संग्रह छापले. तो नसता तर या संगीताचा मोठा भाग कायमचा नाहीसा झाला असता, हे आधी मान्य करून मगच त्याच्यावर टीका करावी. टीका मात्र करायलाच हवी. त्याने धून पियानोसाठी छापल्या. स्वरस्थाने बदलली, पियानोला शोभेल अशी साथ स्वतः रचून जोडली. १८०२ मध्ये पॅट्रिक लिंचने कॉनॉक्टमध्ये फिरून आयरिश शब्द गोळा केले, तरी छापील संग्रहांत ते आले नाहीत. १८०७ मध्ये हेम्पसन वारला. त्याची नखे, त्याचे सूर दाबण्याचे तंत्र, त्याची उलट्या खांद्याची बैठक यांविषयी बंटिंगने जे सविस्तर लिहिले ते १८४० मध्ये, तेहतीस वर्षांनी. क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्टमध्ये असलेल्या त्याच्या कच्च्या वह्या छापील पुस्तकांपेक्षा मोलाच्या आहेत. त्यांत घाईघाईने मांडलेले ठिपके दिसतात. वादक काय वाजवत होता, ते त्या ठिपक्यांत अधिक खरे आहे.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. कवी टॉमस मूरने बंटिंगच्या कित्येक धुनींना इंग्रजी शब्द दिले आणि ती गाणी दिवाणखान्यांत पोचली. डब्लिनच्या जॉन ईगनने १८१९ च्या सुमारास छोटे, आतड्याच्या तारांचे, अर्धस्वर बदलण्याची सोय असलेले सुरेख हार्प बनवले. आजचे आयरिश हार्प त्याचे वंशज आहे. बेलफास्टच्या हार्प सोसायटीने अंध मुलांना शिकवले, पण पैसे संपले. तिथे शिकलेला पॅट्रिक बर्न १८६३ मध्ये गेला आणि त्याच्याबरोबर पितळी तारांची नामांकित परंपरा थांबली. १८४५ नंतरच्या दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि आयरिश बोलणारी गावेच्या गावे ओस पडली.

स्वतंत्र आयर्लंडने हार्पला राजमुद्रेत घेतले. वाजणारे हार्प मात्र कॉन्व्हेंट शाळांत गाणाऱ्या मुलींच्या साथीला उरले. गायिका आणि हार्पवादक मेरी ओ'हाराने त्या साथीला सौंदर्य दिले, यात शंका नाही. पण १९६३ पासून बनरॅटीच्या किल्ल्यात पर्यटकांसाठी मध्ययुगीन मेजवान्या सुरू झाल्या आणि लांब झग्यातली हार्पवाली हीच आयर्लंडची ओळख बनली. त्या काळात संगीतकार शॉन ओ रियाडाला आपल्या वाद्यवृंदात जुन्या हार्पचा नाद हवा होता. तो त्याने हार्पसिकॉर्डमधून काढला. जवळ जाणारे तेवढेच एक वाद्य त्याला सापडले. हार्पच्या देशात हार्पचा नाद दुसऱ्या वाद्यातून शोधावा लागणे, ही अवस्थेची खरी नोंद होती.

तिथून दोन वाटा निघाल्या. पहिली ग्रॉन्या येट्सची. तिने पितळी तारा पुन्हा हातात घेतल्या आणि बेलफास्टच्या मेळाव्याचे संगीत मुद्रित केले. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या अ‍ॅन हेमनने नखांचे तंत्र स्वतः शोधून पुन्हा उभे केले. हिस्टॉरिकल हार्प सोसायटी ऑफ आयर्लंड २००२ मध्ये स्थापन झाली. शिवॉन आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी ज्या किलकेनीत वादकांवर बंदी आली होती त्याच गावी उन्हाळी शाळा चालवली. दुसरी वाट मॉयरा नी खाहासीची. रील आणि जिग या नृत्यधून फिडल आणि इलन पाइपच्या. त्यांचे अलंकार तिने ईगनच्या वंशातल्या हार्पवर असे बसवले की हार्प नृत्यसंगीताच्या मैफलीत बरोबरीने बसू लागले. तिची १९८५ ची ध्वनिमुद्रिका या वाटेचा पाया आहे. लीशा केलीने पुढे त्याला जोर आणि लय दिली.

माझे मत असे की दुसरी वाट आज निरोगी आहे. तिच्यात शिष्य आहेत, श्रोते आहेत, नवनिर्मिती आहे. ती जुन्या कलेची सातत्यकथा नाही, नवीन कला आहे, आणि तिला तसाच मान द्यावा. पहिली वाट मात्र मोजक्या माणसांच्या खांद्यावर आहे. तिथे प्रत्येक धून पुन्हा शोधायची, प्रत्येक खर्ज तर्काने बांधायचा, वाद्यही जुन्या नमुन्यावरून हाताने घडवायचे. वारशाच्या यादीतल्या नोंदीचा खरा उपयोग या वाटेला झाला पाहिजे. आयरिश सरकारने कायमस्वरूपी शाळा, घडवणाऱ्या कारागिरांना आधार आणि बंटिंगच्या वह्यांवर काम करणाऱ्या वादकांना वेतन दिले, तर पुढच्या पिढीत हा हात काही प्रमाणात तरी परत येईल. वाचकांना एकच सांगणे. आधी ग्रॉन्या येट्स किंवा शिवॉन आर्मस्ट्राँग यांचे पितळी तारांवरचे वादन ऐका, मग मॉयरा नी खाहासी ऐका; दोन्ही शांतपणे, याच क्रमाने.