न बोलता अडवणाऱ्यांचा सिनेमा कुठे आहे?

राजकारणावरचा मराठी सिनेमा म्हटलं की आजही पहिलं नाव येतं ‘सिंहासन’चं. जब्बार पटेलांचा १९७९चा सिनेमा, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. २०१९नंतर राज्यात जे घडलं, त्याच्या प्रत्येक वळणावर माझ्या फोनवर कुणीतरी निळू फुलेंचा दिगू टिपणीस पाठवलाच. पहाटेचा शपथविधी झाला, दिगू आला. आमदार सुरतेला गेले, पुन्हा दिगू.

सिनेमा मलाही आवडतो. तक्रार आहे ती सगळं राजकारण त्याच चष्म्यातून बघायच्या आपल्या सवयीबद्दल. ‘सिंहासन’मध्ये राजकारण म्हणजे माणसं. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडेंना मुख्यमंत्री व्हायचंय, मुख्यमंत्री जिवाजीरावांना टिकायचंय. फोन, बंगले, कुजबुज. कोण कुणाच्या गोटात, हाच सगळा सस्पेन्स. त्यामुळे ‘कोण फुटलं’ हे आपल्याला लगेच दिसतं. ‘काय अडलं’ ते दिसत नाही.

अडवण्यावरचा जगातला सगळ्यात गाजलेला सिनेमा अमेरिकेचा आहे. फ्रँक काप्राचा ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’, १९३९चा. भाबडा तरुण सिनेटर जेफरसन स्मिथ भ्रष्ट धरणप्रकल्पाच्या विरोधात सभागृहात बोलायला उभा राहतो आणि घसा बसेपर्यंत, कोसळेपर्यंत बोलतच राहतो. सिनेटच्या नियमांनी सदस्याला बोलण्यापासून रोखणं अवघड, म्हणून बोलत राहून काम अडवायचं. सिनेमात हे हत्यार सज्जनाच्या हातात आहे. खऱ्या सिनेटमध्ये १९५७ साली स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटं बोलला तो काळ्या नागरिकांच्या हक्कांचं विधेयक रोखायला. विधेयक तरीही मंजूर झालं. पण थर्मंड काय बोलला, कुणाच्या विरोधात बोलला, हे नोंदलं गेलं. आज तिथे इतकं उभं राहावंही लागत नाही. चर्चा थांबवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, आणि ती नाहीत एवढं कळलं की विधेयक पडून राहतं. स्मिथचा घसा हवाच कशाला!

महाराष्ट्राने तर घशाचा टप्पा कधीचाच ओलांडलाय. ६ नोव्हेंबर २०२०ला महाविकास आघाडी सरकारने विधान परिषदेवर नेमायची १२ नावं राज्यपालांकडे पाठवली. राज्यपालांनी ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ म्हटलं नाही. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे. तरी यादी तशीच. सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली, आणि १२ पैकी ७ जागा भरल्या थेट ऑक्टोबर २०२४मध्ये. तिकडे विधानसभेत नाना पटोलेंनी ४ फेब्रुवारी २०२१ला राजीनामा दिल्यावर अध्यक्षाची खुर्ची सतरा महिने रिकामी राहिली. सत्ता पालटली आणि तीच निवडणूक चार दिवसांत उरकली.

सत्तेतले लोकही मागे नव्हते. ५ जुलै २०२१ला गोंधळानंतर भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: आमदाराला काढून टाकलं तर पोटनिवडणूक तरी होते, वर्षभर निलंबित ठेवलं तर मतदारसंघाला कुणीच उरत नाही. त्याआधी मार्च २०१७मध्ये भाजप सत्तेत असताना काँग्रेस-राष्ट्रवादीचे १९ आमदार निलंबित झाले होते, कर्जमाफीच्या गोंधळावरून. पक्ष बदलतात, कृती तीच.

मी हे वरोऱ्यात बसून लिहितेय, म्हणून दोन गोष्टी मला जास्त टोचतात. त्या १२ आमदारांत एक होते आमच्या शेजारच्या चिमूरचे. डिसेंबर २०२१चं हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत झालं, २०२०चंही मुंबईतच झालं होतं. म्हणजे आधी सभागृह आमच्यापासून लांब गेलं, मग सभागृहात चिमूरची खुर्चीही रिकामी. वाघाने माणूस मारला, सोयाबीनचा भाव पडला, खाणीची धूळ शेतात आली, हे विचारायचं कुणी?

दुसरी गोष्ट विदर्भ विकास मंडळाची. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं झाली. अनुशेष मोजायचा, निधीवाटपाकडे लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. मंडळांना दात किती होते यावर वाद घालता येईल, पण हिशेब मागायची ती एक जागा होती. ३० एप्रिल २०२०ला मुदत संपली. मार्च २०२१च्या अधिवेशनात विरोधकांनी विचारलं, मंडळं कधी? उपमुख्यमंत्री अजित पवारांचं उत्तर असं होतं की ज्या दिवशी राज्यपाल १२ नावं जाहीर करतील, त्याच दिवशी मंडळंही जाहीर होतील. विदर्भ-मराठवाड्याला ओलीस धरलंय, असं देवेंद्र फडणवीस म्हणाले.

हा प्रसंग पुन्हा वाचा. एका बाजूने यादी दाबली, दुसऱ्या बाजूने मंडळं. आणि ३७१(२)खाली मागास भागांची विशेष जबाबदारी ज्यांच्यावर असते ते राज्यपालच. दोन्ही कुलपं एकाच दाराला. दाराबाहेर कोण उभं होतं ते नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत कुणालाही विचारा. नवं सरकार आलं, सप्टेंबर २०२२मध्ये मंडळांच्या पुनर्स्थापनेचा निर्णयही मंत्रिमंडळाने घेतला. पण मधल्या अडीच वर्षांचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण तेव्हा आपण सगळे दिगूचे मीम पाठवत होतो. ‘कोण गद्दार’ यावर घराघरांत भांडणं झाली. ‘मंडळ कुठे गेलं’ यावर एकही झालं नाही.

अडवणं मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. विरोधकाकडे बहुमत नसतं, अडवणं हीच त्याची ताकद. पण बोलून अडवणाऱ्याचं नाव राहतं, त्याला उद्या जाब विचारता येतो. गप्प राहून अडवणाऱ्याचं काहीच राहत नाही, फाइल फक्त ‘विचाराधीन’ असते.

‘सिंहासन’च्या शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. सगळं पाहून, समजून हताश झालेल्या पत्रकाराचं ते हसणं १९७९साठी खरंच होतं. पण सगळं पाहायला दिगू मुंबईत होता, बंगल्यांच्या जवळ. आमच्याकडचा पत्रकार अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला जातो, मोर्चे मोजतो, आणि पुढच्या तारखेची वाट बघत परत येतो. त्याच्यावर अजून कुणी कादंबरी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. तिच्यात शपथविधी नसला तरी चालेल. एक न आलेलं पत्र आणि त्याच्यासाठी खोळंबलेला एक जिल्हा, एवढं पुरेल.