ठरावाची भाषा आणि पाण्याचा हक्क

महाडच्या संगराविषयी आपण पुष्कळ बोलतो, परंतु ज्या कागदापासून तो संगर सुरू झाला तो कागद आपण क्वचितच वाचतो. कागद वाचणे हे वकिलांचे काम, असा कार्यकर्त्यांचा एक समज आहे. तो मला घातक वाटतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, अशी ती शिफारस होती. शिफारस! १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह तेथले पाणी प्राशन केले, तेव्हा सवर्णांच्या लाठ्यांपासून संरक्षण द्यायला तो ठराव पुढे आला नाही. उलट ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाच्या चौथ्या वाढदिवशीच म्हणा, नगरपालिकेने तो रद्द केला. हात वर करून केलेले हात वर करूनच पुसले.

ठराव आणि पोटनियम यांत भेद आहे तो इथे. ठराव म्हणजे सभेने व्यक्त केलेली इच्छा. पोटनियमाला मूळ अधिनियमातला अधिकार दाखवावा लागतो, त्या अधिनियमाच्या विरुद्ध जाता येत नाही. जेथे पूर्वप्रसिद्धीची अट असते तेथे मसुदा लोकांपुढे ठेवून ठरावीक तारखेनंतरच हरकतींसह विचारात घ्यावा लागतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २३ हेच सांगते. मोडणाऱ्याला दंड करायचा तर तसा अधिकार अधिनियमातच असावा लागतो. शब्द असा हवा की कोणी, काय, कोठे करायचे यात संशय उरू नये.

यावर कोणी म्हणेल, महाडचा मसुदा प्रसिद्ध झाला असता तर हरकतींचा पाऊस सवर्णांनीच पाडला असता. खरे आहे. नमुन्यातल्या रकान्यांना न्यायबुद्धी नसते. पण हरकत लेखी घ्यावी लागली असती, कारण द्यावे लागले असते. नियम वर्गावर्गांत पक्षपाती व असमान असेल तर तो टिकणार नाही, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने १८९८ मध्ये, केंट परगण्याच्या एका पोटनियमाच्या खटल्यात, सांगून ठेवले होते. महाडचा दावा मात्र रूढीवर लढला गेला. आपली वहिवाट अनादि आहे हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही, म्हणून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले. दहा वर्षे गेली.

संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत पोटनियम आणि रूढी एकाच ओळीत बसवले आहेत. मला ती ओळ महाडच्या आठवणीने भरलेली वाटते. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात तर पाणवठ्यावर अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिली गेली. शिफारशीपासून इथवर बत्तीस वर्षे.

अभ्यासमंडळात मी मुलांना १९२४ चा ठराव पोटनियम म्हणून पुन्हा लिहायला सांगतो. बहुतेक जण ‘अस्पृश्यांना तळे खुले राहील’ असेच सुरू करतात. मागच्या खेपेस एका मुलीने ते खोडून लिहिले, ‘कोणीही मनुष्य दुसऱ्या मनुष्यास या तळ्याचे पाणी घेण्यास अडथळा करणार नाही.’ मग तिने विचारले, अडथळा झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, ते कुठल्या कलमात लिहू?