कालवांची वाढ आणि ‘आनुवंशिकता’ : एका संज्ञेचा विचार

समुद्री कालवांच्या निवडक पैदाशीविषयी मराठीत लिहिताना ‘हेरिटेबिलिटी’साठी ‘आनुवंशिकता’ हा शब्द योजिला, तर अर्थाचा मोठाच घोटाळा होतो. कारण तो ‘हेरेडिटी’साठी पूर्वीपासून रूढ आहे. कालवाच्या कवचाचे दोन भाग असणे ही सर्वस्वी वंशपरंपरेची गोष्ट होय. तथापि या बाबतीत कालवा-कालवांत फरकच नसल्यामुळे तिची हेरिटेबिलिटी काढता येत नाही. फरक नाही तेथे फरकाचा वाटा कोठून काढणार?

जे. एल. लश यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पशुपैदासशास्त्रात रूढ केलेली ही कल्पना म्हणजे एक गुणोत्तर आहे. समुदायातील वजनांत जे विचरण आढळते, त्यापैकी किती अंश जनुकांच्या योगशील परिणामांमुळे आहे, एवढेच ते सांगते. ‘-ता’ प्रत्यय मात्र गुण वस्तूच्याच ठायी वसतो असे सुचवितो: मधुरता फळाची, कठिणता कवचाची. हेरिटेबिलिटी कोणा एका कालवाची नसते. ती विशिष्ट समुदायाची, विशिष्ट वयाची आणि विशिष्ट खाडीतील असते. ‘अनुवंशक्षमता’ म्हटल्यानेही हा दोष जात नाही. मग ०.३ हा आकडा वाचून विद्यार्थी समजतो की, वजनाचा तीन दशांश भाग आईबापांकडून आला! वस्तुतः समुदायाची सरासरी ५० ग्रॅम आणि निवडलेल्या जनकांची ६० ग्रॅम धरली, तर परिस्थिती तीच राहिल्यास पुढील पिढीची सरासरी सुमारे ५३ ग्रॅम अपेक्षावी, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही मातेने अंड्यात साठविलेल्या पोषणाचा डिंभावस्थेतील वाढीवर परिणाम होतो. तो वेगळा न काढल्यास आकडा फुगतो.

‘योगशील विचरणांश’ ही संज्ञा उच्चारास जड आहे खरी. पण ती कशाचा अंश हे तरी सांगते.

ऑस्ट्रेलियातील पोर्ट स्टीफन्स येथे १९९० साली सिडनी रॉक कालवांची जलद वाढीसाठी निवड सुरू झाली. दोन पिढ्यांनंतर निवडलेल्यांचे वजन न निवडलेल्यांपेक्षा सरासरी १८ टक्के अधिक भरले. हा निवडीला मिळालेला प्रतिसाद होय, विचरणांश नव्हे. निवड कठोर केली तर अल्प विचरणांशातूनही असा लाभ होतो. मात्र मोजकेच जनक राखल्याने पुढे निकटप्रजननाचा धोका वाढतो. दोन्ही आकड्यांना ‘आनुवंशिकता’ म्हणणाऱ्या लेखात हा व्यवहार वाचकाला दिसतच नाही.