ओळींना श्वास, ‘ल’ला वळण

आता हे नाट्यस्पर्धेचं पोस्टर बघा. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, चांगलाच आहे. तरी मजकूर गुदमरतोय. का? इंग्रजीच्या सवयीचं ओळींमधलं अंतर तसंच मराठीला लावलंय. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, खाली उकार. वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ‘र्की’वर आदळतो. दहा पॉइंटच्या अक्षराला बारा पुरत नाहीत, पंधरा-सोळा देऊन बघा. शीर्षकात अक्षरं ताणून लांब-लांब ठेवलीत, त्यामुळे शिरोरेषा तुटली. शब्द उरलाच नाही, सुटे मणी झाले. बसथांब्यावरच्या माणसानं ते वाचायचं कसं? आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे! या फॉन्टात मराठी वळण आहे हो. मजकुराची भाषा मराठी आहे, एवढं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. इथं ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.