शून्य ते शंभर ‘११.४३ सेकंद’: हा आकडा नेमकं काय सांगतो?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो आपल्या वर्धा जिल्ह्यातूनच जातो. असा लांब, सपाट, मोकळा रस्ता दिसला की काही जणांना गाडी मोजायची हुक्की येते. काचेवर मोबाइल चिकटवायचा, ॲप लावायचं, ॲक्सेलरेटर दाबायचा. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं: शून्य ते शंभर, ११.४३ सेकंद. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ते जरूर बघावेत, कारण मापन करताना काय काय चुकू शकतं ते सगळं त्यात सापडतं.

आधी सरळ मुद्दा. शून्यापासून सुरुवात करायची तर गाडी थांबवावी लागते. ज्या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तिथे चालू लेनमध्ये गाडी थांबवणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ. आकडा कितीही अचूक आला तरी हा प्रयोग करण्यासारखा नाही. कंपन्या यासाठी वेगळे ट्रॅक वापरतात. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीत ड्रॅग रेस झाल्या त्या धावपट्टीवर.

आता आकड्याकडे येऊ. ‘११.४३’मधला तो ३ कुठून आला?

मोबाइलचं जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच वेग सांगतं. म्हणजे गाडी नेमकी कधी हलली आणि नेमकी कधी शंभरला पोचली, हे दोन्ही क्षण ॲप मधल्या आकड्यांवरून अंदाजाने काढतं. गाडी धावत असताना जीपीएसचा वेग बऱ्यापैकी चांगला असतो, पण सुरुवातीच्या अगदी कमी वेगाला तो डळमळतो. मासिकांचे परीक्षक जी व्हीबॉक्ससारखी यंत्रं वापरतात ती सेकंदाला १० ते १०० वेळा नोंद घेतात, त्यांना शतांशाबद्दल बोलण्याचा थोडा तरी हक्क आहे. आपल्या मोबाइलने दोन दशांश दाखवले म्हणून ते मोजले गेले असं होत नाही.

काही ॲप ॲक्सेलरोमीटर वापरतात. तो सेकंदाला शंभर वेळा आकडे देतो, म्हणून लोकांना जास्त खरा वाटतो. गंमत अशी की तो जास्त फसवू शकतो. जोरात पिकअप घेताना गाडी मागे बसते, नाक वर उठतं. ॲक्सेलरोमीटरला कलणं आणि वेग वाढणं यातला फरक कळत नाही. नाक सरासरी एक अंश उठलं तर गुरुत्वाकर्षणाचा g sin १°, म्हणजे ०.१७ मी/से², इतका भाग फुकटचं त्वरण म्हणून मोजला जातो. १२ सेकंदांत त्याची बेरीज २ मी/से, म्हणजे ताशी ७ किलोमीटरच्या वर जाते. शंभरच्या जवळ गाडीचा वेग हळूहळू वाढत असतो, त्यामुळे एवढ्याने टायमिंग सेकंदभर कमी दिसू शकते. आणि ही चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेला होते: गाडी आहे त्यापेक्षा चपळ दिसते. दहा रन काढून सरासरी घेतली तरी ती जात नाही. रँडम एरर सरासरीने कमी होते, सिस्टिमॅटिक एरर तशीच राहते. हे वाक्य नेट-सेटच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं.

रस्त्याचा उतारही असाच. १०० मीटरला १ मीटर उतार डोळ्यांना जाणवतही नाही, पण त्यातून जवळपास ०.१ मी/से² मिळतात. त्यासाठी उपाय आहे: जाताना आणि येताना, दोन्ही दिशांना मोजायचं.

मला सगळ्यात जास्त खटकतात ते ‘आधी आणि नंतर’वाले दावे. समजा कोणी मे महिन्यात वर्ध्याच्या ४५ अंशांत गाडी मोजली, मग नवीन एअर फिल्टर बसवला आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत पुन्हा मोजली. टायमिंग सुधारली. फिल्टरमुळे? दाब तोच धरला तर मे मधली हवा डिसेंबरपेक्षा साधारण १० टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. त्यात मे मध्ये दोन मित्र सोबत बसले असतील तर विचारूच नका, हजार किलोच्या गाडीत १४० किलो वाढले! अशा पुराव्यावर लोक फिल्टर, रीमॅप, कधी कधी जुनी गाडीसुद्धा विकत घेतात. पैसे खरे जातात.

मोबाइल टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. प्रश्न बदलला तर तो चांगलं काम करतो. बंद आवारात, परवानगी घेऊन, तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० किती सेकंदांत होतं ते मोजा. क्लच सोडण्याचं कसब आणि गिअर बदलण्यातला वेळ दोन्ही बाद होतात. वेग जीपीएसचा घ्या. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्तच दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार त्याने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचंच नसतं. तीच गाडी, तेवढंच वजन, त्याच दिवशी, दोन्ही दिशांना. यातून ‘माझी गाडी किती पळते’ याचं उत्तर मिळणार नाही, पण ‘काही बदललं का’ याचं मिळेल.

आणि आकडा हाती आला की एक साधा हिशोब करून बघा. १००० किलोची गाडी १२ सेकंदांत शंभरला पोचली तर तिला सुमारे ३८६ किलोज्यूल गतिज ऊर्जा मिळाली, म्हणजे सरासरी ३२ किलोवॅट, साधारण ४४ पीएस. कागदावर ८० पीएसची गाडी असेल तर हे पटतं, कारण सुरुवातीला पूर्ण ताकद लागत नाही, गिअर बदलताना ती तुटते आणि हवा काही भाग खाते. पण त्याच गाडीला कोणी ६ सेकंद म्हणालं तर सरासरीच ८७ पीएस निघते. मग व्हिडिओ पुन्हा बघायचीही गरज नाही.

कलण्याचा मुद्दा पटत नसेल तर होस्टेलच्या टेबलावर करून बघा. ३० सेंटीमीटरची सपाट फळी घ्या, त्यावर मोबाइल लांबीच्या दिशेने ठेवा आणि सेन्सरचा आकडा लिहून ठेवा. मग फळीच्या एका टोकाखाली अर्धा सेंटीमीटर जाडीची वही सरकवा. आकडा ०.१६ मी/से²ने बदलेल, टेबल जागचं हललेलं नसतानाही.