औद्योगिक अवशेषांचे छायाचित्रण

बंद पडलेले कारखाने, गिरण्या, खाणी आणि त्यांतील जुनी यंत्रसामग्री यांचे छायाचित्रण. नोंद म्हणून त्याचे मूल्य आहे आणि कलाप्रकार म्हणूनही त्यास मान्यता मिळाली आहे. परंतु या दोन अंगांचा मेळ क्वचितच बसतो.

या छायाचित्रणास पद्धतशीर बैठक दिली ती बेर्न्ट बेखर (१९३१–२००७) व हिला बेखर (१९३४–२०१५) या जर्मन दांपत्याने. १९५९ पासून त्यांनी पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या व खाणींवरील मनोरे ढगाळ उजेडात, समोरून टिपले आणि एकाच जातीच्या वास्तूंची चित्रे ओळीने मांडली. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात १९९० मध्ये त्यांना पारितोषिक मिळाले, ते शिल्पकलेचे. त्यांच्या चित्रांत माणूस जवळजवळ नाही; तथापि रचनेची तुलना करता येते, एवढे तरी ती देतात. ईव्ह मार्शां व रोमँ मेफ्र यांच्या डिट्रॉइटवरील ग्रंथात (२०१०) भग्न दालनांचे सौंदर्य भरपूर आहे. शहरात अद्याप राहणारी माणसे अशा चित्रांतून वगळली जातात, हा त्यांवरील आक्षेप रास्त वाटतो.

मुंबईत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या, यंत्रे भंगारात गेली व जमिनींवर व्यापारी संकुले उभी राहिली. क्वचित एखादी चिमणी शोभेसाठी राखली गेली. तेव्हा कित्येक खात्यांचा पुरावा म्हणून छायाचित्रच काय ते उरते. ज्यास कामगार ‘साचा’ म्हणत तो माग कोणत्या गिरणीतला, कोणत्या बनावटीचा, त्यावर काय विणले जाई, हे चित्राखाली नसेल, तर गंजाच्या छटा कितीही मोहक असोत, ते चित्र मुके राहते.

मालेगाव (जि. नासिक) येथे तर ‘जुने म्हणजे टाकून दिलेले’ हे या प्रकाराचे गृहीतच डळमळते. मोसम नदीकाठच्या या गावात एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर येऊन स्थायिक झाले. पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. इतरत्र मोडीत निघालेले माग विकत घेऊन, दुरुस्त करून येथे चालविले गेले. बिडाचा सांगाडा, लाकडी धोटा, तो फेकणारा दांडा, चामड्याचे पट्टे, सर्वांवर कापसाची पिंजण : स्थिर चित्रात असा माग सहज अवशेष भासेल. प्रत्यक्षात त्यावर कापड उतरत असते आणि शेजारी विणकर तुटलेला धागा जोडत असतो. त्यास चौकटीबाहेर ठेवून घेतलेले चित्र केवळ अपुरे नव्हे, तर खोटे ठरते.

मागाचा कर्कश आवाज व धोट्याची येजा ही स्थिर चित्राच्या आवाक्याबाहेरची. फैझा अहमद खान यांच्या सुपरमेन ऑफ मालेगाव (२००८) या अनुबोधपटाचा विषय वास्तविक स्थानिक हौशी चित्रपटनिर्मिती हा. पण त्यातील ‘सुपरमॅन’ यंत्रमाग कामगार असल्याने, येथील मागामागचा माणूस त्यात भेटतो.