निर्लोम देहाचा प्रश्न

मागल्या हिवाळ्यात सिल्व्हासा येथील एका लहानशा देवळातील पालखीस आम्ही गेलो होतो. उत्सव करणारी घराणी मूळची गोव्याची. आपल्याकडील रीतीप्रमाणे पुरुष मंडळी सोवळे नेसून उघड्या अंगाने पालखीपाशी उभी होती. त्यांत विशीतला एक मुलगा होता. आठ दिवसांपूर्वी त्याने शरीरसौष्ठवाच्या एका स्पर्धेत भाग घेतला होता आणि त्यासाठी छाती, पोट, हात, पाय यांवरून वस्तरा फिरविला होता; मिशीही उतरविली होती. एका वृद्ध गृहस्थांनी त्याला न्याहाळले आणि हलक्या आवाजात विचारले, "घरांत कितें जालें रे?" क्षौर म्हणजे कोणी तरी गेले, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक. खुलासा झाला, सुतकाची शंका फिटली. तरी पालखीला खांदा देण्यास त्याला कोणी बोलाविले नाही. मुलगा सदरा चढवून खांबाआड उभा राहिला.

वृद्धांच्या बाजूने नेहमी असे म्हटले जाते की, हे फॅड परकीय असून पुरुषाला न शोभणारे आहे. यातला पहिला भाग तर उघड चुकीचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधरवड्यातून तीन वेळा केस, दाढीमिशा, अंगावरील लोम आणि नखे काढावीत, असे सांगितले आहे. वात्स्यायनाच्या नागरकाची दिनचर्या याहून काटेकोर. त्याने चौथ्या दिवशी दाढी करावी आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी देहाच्या झाकल्या भागाचे क्षौर करावे. सुश्रुताने तर शंखाचे भस्म आणि हरताळ यांचा लेप दिला आहे. हरताळ हा सोमलाचा सोबती, तेव्हा तो प्रयोग आज कोणी घरी करू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. प्रायश्चित्ताच्या प्रसंगीही लोमांसह वपन सांगितलेले आहे. सारांश, वस्तरा आपल्या घरचाच आहे.

परंतु एवढ्यावरून तरुणांची बाजू सिद्ध झाली असेही आम्ही मानीत नाही. आपल्या परंपरेने लोम काढले, पण त्यांना कधी कुरूप म्हटले नाही. विष्णूच्या वक्षावरील श्रीवत्स म्हणजे काय? उजवीकडे वळलेला शुभ्र रोमांचा भोवरा. कोणी त्याला भृगूच्या पावलाची खूण म्हणतात, ती कथा निराळी. मूळ लक्षण केसांचे आहे. ज्या विष्णूपुढे आपण रोज हात जोडतो, त्याची ओळखच छातीवरच्या केसांत आहे! वराहमिहिराने बृहत्संहितेत रोमकूपांवरून पुरुषाचे भाग्य सांगितले आहे: एका कूपात एक रोम असेल तर राजा, दोन असतील तर पंडित, तीन वा अधिक असतील तर दरिद्री. भाकिताचे सोडून द्या. पण येथेही रोम आहेत, हे गृहीतच आहे. आणि भरतमुनींच्या आठ सात्त्विक भावांत रोमांच आहे. कीर्तनात बुवांच्या शब्दाने अंगावर काटा उभा राहतो, तो कशाचा?

मग हे केस देहावरून गेले कधी? आमच्या मते ते आधी चित्रांतून गेले. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या देवांच्या तसबिरी आठवाव्यात. गोव्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांच्या कुंचल्याचे मार्दव आम्हांस आजही मोहविते. पण त्यांचे राम-कृष्ण लोण्यासारखे गुळगुळीत आहेत. असल्या तसबिरींत श्रीवत्स कुठे दागिना झाला, कुठे नाहीसाच झाला. तीच दृष्टी पुढे चित्रपटाच्या नायकावर आणि जाहिरातीवर बसली. सिल्व्हाशाच्या आसपास वारली घरांच्या भिंतींवर माणूस दोन त्रिकोणांत उभा असतो; त्या चित्राने कोणत्याही मुलाला स्वतःच्या कातडीची लाज वाटायला लावलेली नाही.

या संदर्भात २०१० साली प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या 'नटरंग'चा विचार करणे आवश्यक आहे. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात पिळदार देहाचा गुणा राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहतो आणि नाच्या व्हायला कोणी मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी देह आधी कमावला, मग उतरविला; त्या तपश्चर्येला आमचा नमस्कार. गावाने केलेली विटंबनाही चित्रपट निर्भीडपणे दाखवितो. परंतु आमची एक तक्रार आहे. कॅमेरा आरंभी गुणाचा देह असा काही मिरवितो की पौरुष जणू दंडांतच साठलेले असावे. पुढे तो देह वाळला की आपल्याला हळहळ वाटते. म्हणजे गावाची कसोटी चित्रपटाने नकळत मान्यच केली. पालखीपाशी उभ्या वृद्धांची कसोटी याहून फार वेगळी नव्हती.

खेळाचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. १९८९ साली अमेरिकेत शार्प आणि कॉस्टिल यांनी जलतरणपटूंवर प्रयोग केले. अंगावरचे केस काढल्यावर त्याच वेगाने पोहताना रक्तातील लॅक्टेट कमी आढळले आणि हाताचा एकेक पल्ला लांबला. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ज्या ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक मिळविले, तिचा निकाल सेकंदाच्या शतांशांनी लागतो. तेथे पोहणाऱ्याने वस्तरा हाती घेतला तर त्याला नावे ठेवणे मूर्खपणाचे. उलट खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा नियमाने त्यांचे वजन पाहिले. छातीवरचे केस कोणी मोजले नाहीत. शरीरसौष्ठव या दोहोंच्या मध्ये पडते. तेथे झगझगीत दिव्याखाली स्नायूंच्या रेषा परीक्षकांना दिसाव्या लागतात, म्हणून केस काढतात आणि वर गडद रंग चढवितात. हा नटाच्या रंगभूषेचाच प्रकार आहे, आणि रंगभूषा म्हणून आम्हांस तो मान्य आहे.

आमचे भांडण रंगभूषा घरी घेऊन येण्याशी आहे. त्या मुलाशी नंतर आम्ही बोललो. स्पर्धा संपली तरी तो दर तिसऱ्या दिवशी वस्तरा फिरवितो. खुंट टोचतात, मांड्यांवर पुरळ येते, तरी थांबत नाही. व्यायामशाळेतील सोबती केसाळ मुलाला अस्वल म्हणतात. तीन मुलांत एकच पाते फिरते, हे ऐकून तर आम्ही घाबरलोच. रक्ताने पसरणाऱ्या काविळीला एवढी वाट पुरते. पाते आपले स्वतःचे ठेव, इतके मात्र आम्ही त्याला तेथल्या तेथे बजाविले. तिकडे अस्वल आणि इकडे सुतकी, अशा दोन शब्दांच्या कात्रीत हा मुलगा सापडला आहे, आणि त्यांतला दुसरा शब्द आपल्या देवळातला आहे.

येत्या वर्षी पालखी निघेल तेव्हा तो निर्लोम असो वा सलोम, यजमानांनी त्याला नावाने हाक मारून दांडीशी उभे करावे, अशी विनंती आम्ही त्यांना केली आहे. अजून उत्तर आलेले नाही.